होयबांचा सराव

होयबा निवृत्त झाले, पुस्तकं वाचायला लागले आणि घरात वैताग सुरू झाला. साधीसुधी पुस्तकं नव्हेत हो, आयुष्य कसं जगावं ते शिकवणारी! पहाटे कसं उठावं, राग कसा आवरावा, चार माणसांत कसं बोलावं. वाचनालयातून एका वेळी दोन-तीन आणायचे आणि प्रत्येक पुस्तक मिटताना ते छातीशी धरून तेच म्हणायचे, "हे मला पंचविशीत मिळायला हवं होतं गं."

"पंचविशीत तुम्ही कॅरम कुटत होतात," बायको म्हणायची.

बायकोला गल्लीत सगळे वेतवाली म्हणतात. खुर्च्यांच्या बसक्या झालेल्या जाळ्या काढून नव्या विणून देते. घराची मागची खोली तिच्या कामाची. तिथं नळ आहे, वेत भिजवायला मोठं घमेलं आहे, आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार आहे, म्हणजे खुर्च्या दिवाणखान्यातून ओढत न्याव्या लागत नाहीत. त्या खोलीत ती कुणाची कुणी नसते, फक्त वेतवाली असते.

नवऱ्याचं होयबा हे नाव पाणीखात्यातल्या लोकांनी ठेवलेलं. कुणीही यावं, आपलं काम यांच्या टेबलावर टाकावं आणि घरी जावं. रविवारची ड्यूटी? हो. साहेबांच्या मेव्हण्याचं सामान हलवायचंय? हो. नोकरीभर मान डोलावून डोलावून माणूस घरी आला, आणि आता त्याला सापडलं काय, तर 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवणारं पुस्तक!

मग काय विचारता. पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, सराव जवळच्या माणसांपासून सुरू करावा.

"अहो, तो वरचा डबा जरा काढून द्या."

होयबांनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला. "तू मला विचारलंस याबद्दल मी तुझा आभारी आहे. पण नाही."

"अहो, डबा!"

"कारण द्यायचं नसतं. कारण दिलं की समोरचा वाद घालतो."

वेतवाली स्टुलावर चढली आणि डबा काढला. पुढचे कितीतरी दिवस हेच. गळका नळ? आभारी आहे, पण नाही. दळण? आभारी आहे, पण नाही. तिच्या डोक्यात तिडीक जायची. जगात नकार द्यायला या माणसाला बायकोच मिळाली! कोपऱ्यावरचा दुकानदार शिळा पाव गळ्यात मारायचा तेव्हा मात्र हे हसत हसत घेऊन यायचे.

तेवढ्यात दादांचा फोन आला. दादा म्हणजे होयबांचे मोठे भाऊ. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात, आणि आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता.

"दादा रविवारी येतोय," होयबा फोन ठेवून म्हणाले. "मागच्या खोलीबद्दल बोलायचंय म्हणाला. त्याला तळमजला हवाय."

वेतवालीच्या हातातली सुरी खाली पडली. "तुम्ही काय म्हणालात?"

"ये म्हणालो."

"हो नाही ना म्हणालात?"

होयबा जरा घुटमळले. "दोनदा म्हणालो. पण ते येण्याबद्दल होतं."

झालं! तिला पुढचं सगळं दिसलं. खोलीत दादांचा पलंग, खुर्च्या अंगणात, घमेलं न्हाणीघरात. दोन महिन्यांत गिऱ्हाईक तुटणार आणि आपण चहा करत बसणार. कारण दादांपुढे या माणसाने आजवर तोंडातून ब्र काढला नव्हता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी लांबच्या गावातल्या फर्निचरच्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. वेतकामाच्या विभागाची मुख्य म्हणून, राहायला घरासकट! बोचकी बांधून झाली होती. दादा आले, म्हणाले, "छोट्या, आईचं बरं नाहीये. थांबतोस का?" आणि छोट्या म्हणाला, "हो दादा." बोचकी तिनेच सोडली. त्या दिवसापासून दादा तिच्या डोक्यात जे बसले ते बसलेच.

"हे बघा," ती म्हणाली, "इतके दिवस माझ्यावर सराव केलात ना? आता परीक्षा आहे. रविवारी खोली गेली, तर ते पुस्तक घमेल्यात भिजवीन आणि जाळीत विणून टाकीन."

रविवार उजाडला. होयबा सकाळपासून आरशासमोर. वेतवाली मुद्दामच मागच्या खोलीत खुर्ची घेऊन बसली, मधलं दार सताड उघडं ठेवून. दादा आले, हाशहुश करत बसले, वेतवालीने चहा-बिस्किटं समोर ठेवली, पुन्हा आत जाऊन बसली, आणि एकदाचा विषय निघाला.

"तर छोट्या, ती मागची खोली. मला देतोस का?"

आतमध्ये तिचा हात थांबला.

"दादा," होयबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "तू मला विचारलंस याबद्दल मी तुझा आभारी आहे."

"आँ?"

मग होयबांनी श्वास घेतला. इतका लांब घेतला की दादांनी हाक मारली, "अगं, पाणी आण, याला कसंतरी होतंय!"

"नाही," होयबा म्हणाले. "पाणी नको. म्हणजे... खोली. खोली नाही देता येणार. ती तिची आहे. तिच्या कामाची." कारण द्यायचं नसतं हे ते साफ विसरले होते. कपाळावर घाम आला होता.

दादांनी बिस्कीट चहात बुडवलं. "बरं," म्हणाले.

"बरं?"

"बरं म्हणजे बरं. मग लेकीकडे जातो. केव्हाची मागे लागलीय. तिच्याकडे लिफ्टसुद्धा आहे. म्हटलं, आधी तुला विचारून बघावं."

वेतवाली बाहेर आली. हातात ओला वेत तसाच, फरशीवर पाणी ठिबकतंय. आनंद व्हायला हवा होता, पण तिला ती सोडलेली बोचकी आठवत होती.

"दादा, एक विचारू? आम्ही कारखान्याच्या गावी निघालो होतो. तेव्हा तुम्ही यांना थांबायला सांगितलंत."

"कुठला कारखाना?" दादांनी डोकं खाजवलं. "हां, ते होय! अगं, आई आजारी होती, म्हणून विचारलं होतं. हा हो म्हणाला."

"आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर आईला मी घेऊन गेलो असतो. आणखी काय? मी नुसतं विचारलं होतं गं."

नुसतं विचारलं होतं! इतकी वर्षं या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या तिने, आणि त्याला कारखानाही आठवत नव्हता. दादा उरलेली बिस्किटं खिशात घालून लेकीला फोन करत निघूनही गेले.

होयबा मात्र फुलून आले होते. "जमलं! बघितलंस? खरंच सांगतो, हे पुस्तक पंचविशीत मिळालं असतं ना..."

"पुरे!" ती कडाडली. "एक अक्षर बोलू नका. पुस्तक कशाला हवं होतं हो त्याला? दोन अक्षरं! नाही! ते बरं म्हणाले असते आणि आपण गाडीत बसलो असतो!"

होयबांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, दादा चिडेल," ते हळूच म्हणाले.

"आणि मी? मी चिडेन असं नाही वाटलं?"

"तू काहीच बोलली नाहीस. बोचकी सोडायला लागलीस. मला वाटलं, तुझीही ना नाही."

ती मागे वळली आणि खोलीत जाऊन बसली. हातातला वेत तिने भलत्याच जोरात वाकवला, तसा तो कटकन मोडला. तिने दुसरा घमेल्यात टाकला. डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग येत होता.

थोड्या वेळाने होयबा दारात आले. "चहा टाकतेस का जरा?"

"नाही," ती म्हणाली. आभार नाहीत, श्वास नाही, काही नाही. मान वर न करता.

आता हा माणूस काहीतरी म्हणणार म्हणून तिने अंग आवळून धरलं.

"बरं," होयबा म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज येत राहिले.

"अगं," आतून हाक आली, "साखर कुठे असते?"

तिने घमेल्यातला वेत पाण्याखाली दाबला.

"दुसऱ्या फळीवर," ती म्हणाली. "माझ्यासाठीही टाका."