दिवस बुडाल्यावरची गोळी

सत्तावन साली माहा लेक कैलास मले रिसोडहून मोटरीनं अकोल्याले घेऊन गेला. मेलेली पोरगी हाक मारते, एवढं आयकलं अन् तिथल्या डॉक्टरनं मले वेडी ठरवलं. ती काय म्हणते, हे त्यानं इचारलंच नाही. नवीन निघालेली गोळी लिवून देली. रोज झोपताना एक, पाण्यासंगं.

आमी जैन. दिवस बुडाला का माह्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. माही पोरगी गुलाब बारा वर्साची होती, तापानं फणफणत होती. दिवस बुडाल्यावर मले म्हणे, "बाई, पाणी दे." मी म्हटलं, "सकाळी." सकाळ तिले दिसलीच नाही. आजाऱ्याले सूट असते, हे महाराजांनी मले मागून सांगतलं.

तिले नाही देलं ते पाणी मी कशी पिऊ? कैलास गोळी हातावर ठेवे, मी ती गुपचूप डब्यात टाको. सहा महिन्यांनी डॉक्टर खूश. "गोळ्या लागू पडल्या," म्हणे. लागू पडल्या, डोंबल! मी फक्त सांगणं बंद केलं होतं.

काल डबा उघडला, तं अर्ध्या गोळ्या गायब. मागं सून कंचन उभी होती.

"मी घेतल्या, सासूजी. मलेही आयकू येते."

कंचन लग्न होऊन आली तवा गुलाबले जाऊन चार वर्सं झाली होती.

"गोळीनं थांबलं काय?" मी इचारलं.

"नाही. आधी नुसतं पाणी मांगे. आता मले 'भाभी' म्हणून मांगते."