रेघेबाहेरचे पक्षी

"बाबा! काय करताय हे?"

भाजीची पिशवी दारातच टेकवून ती टेबलाकडे धावली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. हातात जाड निळा मार्कर, आणि पुढ्यात आईचं रंगवायचं पुस्तक. मोठ्यांसाठीचं, सुट्टीतल्या चित्रांचं: तंबू, होड्या, स्टेशनं, डोंगरातली घरं. आई गेली तेव्हा त्यातलं शेवटचं एकच चित्र राहिलं होतं, तळ्याकाठच्या तंबूचं. आकाश तेवढं पेन्सिलीनं झालं होतं, तेही फिकं. शेवटी शेवटी आईच्या बोटांत जोर उरला नव्हता. ते फिकं आकाश तसंच राहावं म्हणून लेकीनं पुस्तक चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं.

आता तळं गडद निळं झालं होतं. आणि निळ्याचा एक टपोरा ठिपका काठ ओलांडून तंबूवर चढला होता.

"पाणी भरत होतो," बाबा म्हणाले. "राहिलं होतं."

"राहू द्यायचं होतं! आईचा शेवटचा हात होता त्याच्यावर."

"अगं, पाणी माझ्याकडेच होतं."

"म्हणजे?"

"मोठं मोठं मी भरायचो, मार्करनं. पाणी, गवत, छपरं. वाळलं की ती वरून पेन्सिलीनं सावल्या द्यायची. तुला काय वाटलं, सगळं तिनंच केलं?"

तिला तसंच वाटलं होतं. आई फोनवर सांगायची, "आज होडी झाली," "आज स्टेशन झालं." कोणी केलं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

बाबांनी पानं मागे उलटली. छपरावर कावळा. स्टेशनच्या घड्याळावर चिमणी. होडीच्या शिडावर चक्क मांजर. पुस्तकात न छापलेले हे जीव तिनं मैत्रिणींना कौतुकानं दाखवले होते: आमच्या आईची कल्पना बघा.

"ह्या सगळ्या माझ्या चुका," बाबा म्हणाले.

तिनं पान उजेडाकडे तिरपं धरलं. कावळ्याच्या काळ्या पेन्सिलीखाली छपराचा तपकिरी डाग चमकत होता.

"पहिल्यांदा रंग रेघेबाहेर गेला ना, तेव्हा काय म्हणाली माहितीये? म्हणे, अहो, तीस वर्षं बस बरोबर स्टॉपवर उभी केलीत, आणि एवढ्याशा रेघेवर ब्रेक लागत नाही?"

तिला हसू फुटलं. अगदी आईचाच सूर.

"मी म्हटलं, लाँड्रीत जन्मभर डागच काढतेस, हाही काढ. तर म्हणाली, लोकांचे काढले तेवढे पुरे. घरचा राहू दे. आणि काढली त्याला चोच."

बोलता बोलता बाबांची नजर तंबूवरच्या ठिपक्यावर आली. "हा मात्र आता तसाच राहायचा," ते म्हणाले आणि मार्करला टोपण लावू लागले. ते दोनदा चुकलं.

तेव्हा तिचं लक्ष गेलं. पानाखाली त्यांनी शर्टाच्या घडीतला पुठ्ठा सरकवला होता. आई लाँड्रीतून आणायची तो, रंग पुढच्या पानावर उतरू नये म्हणून. पुढे पान उरलंच नव्हतं.

खुर्ची ओढून ती शेजारी बसली. डब्यातून काळी पेन्सिल काढली. टोक अजून आईनं सुरीनं केलेलं होतं, चार बाजूंनी तासलेलं.

"काय करणारेस?" बाबांनी जरा सावधपणे विचारलं.

"बदक."

"तंबूवर बदक?"

"शिडावर मांजर चालतं ना?"

"ते तिचं होतं."

"हे आपलं."

बाबांनी पुस्तक तिच्याकडे थोडं सरकवलं. पेन्सिल टेकणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. ओल्यावर पेन्सिल धरत नाही."

मग दोघं, कोपर टेबलावर टेकून, ठिपका वाळायची वाट बघत बसली.