तिरकं झिजलेलं उलथणं

गिऱ्हाइकाचा कुठला खांदा उतरता आहे, हे शिंपी नुसत्या नजरेने ओळखायचा. बायको जाऊन महिना झाल्यावर त्याने पहिल्यांदाच कढईत बटाटे परतायला घेतले. स्वयंपाक म्हणजे तिचा जीव की प्राण. उलथण्याला तर ती कुणाला हात लावू देत नसे. तीस वर्षांत त्याची कड तिरकी झिजली होती. बटाटे काही सुटेनात, खाली लागले.

"भंगार मेलं!" तो करवादला.

"बाबा, डाव्या हातात धरा," लेक म्हणाली. "आई डावखुरी होती."

त्याने हात बदलला. उलथणं कढईला अलगद टेकलं.

"पण ती जेवायची, लिहायची उजव्यानेच!"

"ते चारचौघांत. इथे तिला बघायला कोण येत होतं?"