रिकामा कसा देऊ

प्लास्टिकच्या डब्यांवर माझा राग आहे, हे लखनौमधल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना ठाऊक आहे. मिठाईबरोबर, पनीरबरोबर, कुणाच्या बारशाच्या जेवणाबरोबर आलेला तो पांढुरका डबा एकदा घरात शिरला की घरजावई होऊन बसतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. झाकण शोधावं तर ते दुसऱ्याच डब्याचं निघतं. माझ्या ओट्याखालचं एक अख्खं कपाट या जावयांनी बळकावलं होतं. एके दिवशी ते उघडताच सगळे माझ्या पायावर कोसळले आणि मी सुरुचीला फोन लावला.

सुरुचीचा नवरा हवाई दलात आहे. ती बख्शी का तालाबच्या क्वार्टर्समध्ये राहते, मूळची कोल्हापूरची. मी वर्ध्याची. माझा नवरा आदेश सरकारी कंपनीत आहे, आम्ही अलीगंजला राहतो. आमची मैत्री इथल्या बुद्धविहारातल्या एका कार्यक्रमासाठी ढीगभर चकल्या तळताना झाली, आणि तळणात टिकलेली मैत्री सहसा तुटत नाही. दोघींनी मिळून फराळाचा धंदा करायचा असं वर्षभर नुसतंच बोलत होतो. त्या दिवशी मी तिला सांगितलं, "करूया. पण प्लास्टिक नाही म्हणजे नाही."

"मग कशात द्यायचं? पुठ्ठ्याच्या खोक्यात?"

"त्याला पण आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. स्टीलच्या डब्यात द्यायचं. फराळ त्यांचा, डबा आपला. खाऊन झालं की डबा परत."

सुरुची म्हणाली, "अगं यार, हे तर फारच सोपं आहे." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही.

आम्ही अमीनाबादच्या बाजारात गेलो. भांडीवाल्याकडून एकसारखे साठ डबे घेतले, दोघींची सगळी शिल्लक त्यात ओतली आणि प्रत्येकावर 'डबा परत' असं नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्या भैयाला वाटलं, हे कुणा थोर पुरुषाचं नाव असावं. त्याने फार आदराने कोरलं.

धंदा धडाक्यात सुरू झाला. विहारातल्या ओळखीच्या बायका, हवाई दलातल्या बायका, बँकवाल्या, पोस्टातल्या, ज्यांनी कित्येक दिवसांत भाजणीची चकली बघितली नव्हती, त्यांनी आमचा फोन तापवला. चिवडा, चकली, शंकरपाळे. दहा दिवसांत साठही डबे घराबाहेर गेले. आम्ही एकमेकींना पेढा भरवला.

त्यातला एकही डबा परत आला नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही म्हटलं, खात असतील. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, सावकाश खात असतील. तिसऱ्या आठवड्यात मी फोन करायला बसले. सगळ्यांचं उत्तर एकच. "हो हो, देते ना, दोन-चार दिवसांत नक्की." फराळाचं कौतुक तोंडभरून, डब्याचं नाव काढलं की विषय उन्हाळ्यावर. मी सुरुचीला म्हणाले, ही माणसं चोर आहेत. ती म्हणाली, इतकी माणसं एकदम चोर नसतात. मी म्हटलं, तुला अजून माणसं कळली नाहीत.

आणि नेमके त्याच आठवड्यात नफीस मियाँ आले.

नफीस मियाँची मलिहाबादला दशहरी आंब्यांची बाग आहे. दर जूनमध्ये ते बागेत आमरसापासून कापलेल्या फोडींपर्यंत सगळ्याची दावत देतात. आमची कीर्ती त्यांच्या कानावर बँकेतून गेली होती. ते स्वतः गाडी घेऊन अलीगंजला आले, सोफ्याच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "बहनजी, पिछले साल मेहमान डिब्बे बाग में छोड़ गए. हमारी भैंस ने खा लिए. मरते-मरते बची. इस बार बाग में पन्नी का एक टुकड़ा नहीं चाहिए. इतवार को पचास मेहमान हैं. आपके डिब्बे चाहिए."

"जी, बिल्कुल," सुरुची म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. आमच्या घरात त्या क्षणी एकही डबा नव्हता. नफीस मियाँ निघताना म्हणाले की त्यांची शहरात खूप ओळख आहे, ही दावत जमली तर लग्नसराईची कामंही आमचीच. आणि नाही जमली तर? ते अदबीमुळे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं. प्लास्टिक न वापरणाऱ्या दोन बायकांनी पहिल्याच मोठ्या कामाला प्लास्टिक आणलं, असं अख्ख्या लखनौने म्हटलं असतं. नवे डबे घ्यावेत तर गाठीला काही उरलं नव्हतं. आमच्या धंद्याचा जीव त्या साठ डब्यांत अडकला होता.

मी स्कूटी काढली. पहिलं घर यमुनाकाकूंचं. काकू म्हणजे विहारातल्या सगळ्या बायकांच्या वडीलधाऱ्या, त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नाही. मी पदर खोचूनच गेले होते. दार उघडलं आणि मला समोरच डबा दिसला. घासूनपुसून लख्ख, फ्रिजवर, खाली विणलेला रुमाल घालून ठेवलेला.

"काकू, हा काय इथेच आहे. द्या, मी घेऊन जाते."

"असा कसा देऊ?"

"म्हणजे?"

"रिकामा कसा देऊ, माणिक? नागपूरहून भाचा यायचा आहे, तो भरल्या मिरच्या आणणार. त्या घालून देते."

"काकू, हा धंदा आहे. रिकामाच द्यायचा असतो."

"तुला चालत असेल. माझ्या दारातून दुसऱ्याचं भांडं आजवर रिकामं गेलं नाही." आणि डबा त्यांनी उचलून आणखी मागे सरकवला.

दुसरं घर बख्शी का तालाबला, शर्वरीचं. तिचा डबा देवघराशेजारी. तिला त्यात साखरांबा घालायचा होता, आणि आंबे अजून हवे तसे पिकले नव्हते. तिसरीला खोबऱ्याच्या वड्या करायच्या होत्या आणि लखनौच्या नारळावर तिचा विश्वास नव्हता. चौथीने मला बघून रडायचंच बाकी ठेवलं. "ताई, मला कळतंय उशीर झालाय. पण तुमचे शंकरपाळे इतके छान होते, त्याच्या बदल्यात द्यायला मला काही सुचतच नाहीये."

मी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून सुरुचीला फोन केला. म्हटलं, "कुणी चोर नाही. सगळ्या सभ्य आहेत. आपण मेलो."

नियम ठरवताना आम्ही मराठी आहोत हेच विसरलो होतो. माझी आई शेजारणीची वाटी चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत करत नसे. सुरुचीच्या घरीही तेच. आणि आम्ही दोघी शहाण्या साठ घरांत भांडी पाठवून ती रिकामी परत येतील म्हणून दाराकडे डोळे लावून बसलो होतो.

मला राग आला की मी लिहिते. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं: "रविवारी सकाळी नऊपर्यंत सगळे डबे माझ्या घरी पोचवावेत. वाटल्यास चिमूटभर साखर घाला. काहीही घाला. पण आणा."

हे 'काहीही' माझ्या अंगाशी आलं. पाचच मिनिटांत एकीने फोटो टाकला, 'माझा डबा तयार, अनारसे.' आता अनारश्यांच्या शेजारी चिमूटभर साखर घेऊन कोण येणार? दुसरीने तिळाच्या लाडवांचा फोटो टाकला. तिसरीने विचारलं, पुरणाच्या पोळ्या जूनमध्ये टिकतील का. शनिवारी अलीगंज ते बख्शी का तालाब मराठी घराघरांतून तळणाचा वास येत होता, असं आदेश म्हणाला. तो दूध आणायला गेला होता आणि तासाने आला.

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात दावतीचा चिवडा आणि चकल्या पराती भरभरून तयार होत्या. फक्त डबे यायचे होते. नऊला ते आले. रिक्षातून आले, स्कूटरवरून आले, हवाई दलाच्या बायका तर एका गाडीत डबे आणि दुसऱ्या गाडीत आपण अशा आल्या. प्रत्येकीने डबा हातात देताना तेच म्हटलं, "विशेष काही नाही हं."

मी झाकणं उघडत गेले. अनारसे. बेसनाचे लाडू. शेंगदाण्याची चटणी. गूळपापडीच्या वड्या. तिखटमिठाच्या पुऱ्या. कारळ्याची चटणी. तळलेल्या कुरडया, झाकण लागत नव्हतं म्हणून वरून दोऱ्याने बांधलेलं. यमुनाकाकूंचा भाचा अखेर पोचला होता, त्यामुळे भरल्या मिरच्या. एकीच्या डब्यात नुसता ताजा कढीपत्ता, कारण तिच्या कुंडीत तोच सगळ्यात चांगला येतो.

"पटापट रिकामे कर," सुरुची म्हणाली.

"कशात?"

परातींत चिवडा होता. पातेल्यांत चकल्या. कढई, कुकर, ताटल्या, आंघोळीची नवी बादली, सगळं तासाभरात भरलं, आणि डबे अर्धेसुद्धा रिकामे झाले नव्हते. आदेश मदत करतो म्हणून लाडवांपाशी बसला होता. मदत चांगली चालली होती. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी ओट्याखालचं कपाट उघडलं, तर जावई एकूण एक मीच भंगारात दिले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला प्लास्टिकच्या डब्याची आठवण आली आणि स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

सुरुची मात्र फरशीवर बसून हसत होती. हसता हसता तिने एक वडी तोंडात टाकली, दुसरी उचलली आणि म्हणाली, "माणिक, हे आपल्यापेक्षा चांगलं आहे."

मी एक अनारसा खाल्ला. वाईट वाटलं, पण खरं होतं.

"मग रिकामे कशाला करायचे?" ती म्हणाली.

जे रिकामे झाले होते ते परत भरले, ज्यात जे हाताला लागलं ते. दुपारी मलिहाबादला पोचलो. नफीस मियाँना आम्ही चिवडा, चकली आणि शंकरपाळे सांगितले होते. आता कुठल्या डब्यात काय आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं.

पहिला डबा एका निवृत्त प्रोफेसर साहेबांनी उघडला. भरल्या मिरच्या. त्यांनी एक चावली, त्यांचे कान लाल झाले, आणि ते बराच वेळ आंब्याच्या झाडाला धरून उभे राहिले. मी पाण्याचा पेला घेऊन धावले. ते म्हणाले, "पानी नहीं. एक और." शेजारच्या बेगमसाहेबांच्या डब्यात अनारसे निघाले. त्यांनी प्रोफेसरांच्या डब्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "आपका क्या निकला?"

त्यानंतर बागेत दुसरं बोलणंच नव्हतं. आपका क्या निकला? लोक झाडाझाडाखाली डबे घेऊन फिरत होते. चटणीच्या बदल्यात वडी, वडीच्या बदल्यात अर्धा लाडू. अनोळखी माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालत होती आणि माफी मागत होती. कढीपत्ता ज्यांच्या नशिबी आला त्या गृहस्थांनी तो हुंगला, झाकण घट्ट लावलं आणि कुणाशीही बदलायला साफ नकार दिला. घरी बेगम खूश होईल म्हणाले. आंबे बिचारे परातीत वाट बघत राहिले. बागेत कुठेही प्लास्टिकच्या पन्नीचा एक तुकडा नव्हता आणि भैंस कुंपणापाशी निवांत रवंथ करत होती. मला इतका आनंद झाला होता की मी सुरुचीचा हात धरून उगाचच दाबत होते.

नफीस मियाँ आले. "अगले इतवार मेरी भतीजी की मँगनी है. सौ मेहमान. यही मेन्यू रखिएगा."

"जी, बिल्कुल," सुरुची म्हणाली.

ऊन कलल्यावर आम्ही डबे गोळा करायला निघालो. मी प्रोफेसर साहेबांपुढे हात केला. त्यांनी डबा छातीशी धरला. चेहऱ्यावर असा भाव, की मी त्यांचा अपमान केला.

"खाली?" ते म्हणाले. "खाली बर्तन लौटाएँ? मोहतरमा, हम लखनऊ के हैं. घर से कुछ बनवाकर भिजवाएँगे. दो-चार दिन दीजिए."

बेगमसाहेबांना शामी कबाब पाठवायचे होते. कढीपत्तावाले आधी बेगमला विचारणार होते. पन्नास डबे पन्नास गाड्यांत बसून आमच्या डोळ्यांदेखत निघून गेले. नफीस मियाँ अदबीने प्रत्येकाला निरोप देत होते.

टेम्पोत मागे आम्ही दोघी आणि उरलेले थोडे डबे. पुढच्या रविवारी साखरपुड्याला शंभर पाहुणे, आणि मेन्यू काय ते फक्त साठ घरांतल्या बायकांना ठाऊक. मी यमुनाकाकूंना फोन लावला. म्हटलं, काकू, मी चुकले. परत कधी घाई करणार नाही. तुम्ही सगळ्यांना सांगा, सावकाश करा, हवं ते करा, पण या आठवड्यात पुन्हा एकदा डबा भरून द्या.

"देईन की," काकू म्हणाल्या. "भरल्या मिरच्या आहेत अजून. पण देऊ कशात? आधी डबा तर पाठव." मग त्यांनी बजावलं, "आणि पाठवशील तो रिकामा पाठवू नकोस."