चौथा आवाज

राजाभाऊंना वाईला परत जायचं होतं आणि सुजीत त्यांना जाऊ देत नव्हता. बापलेकांत भांडण म्हणाल तर एवढंच, पण दुबईत अल बर्शातल्या त्या फ्लॅटमध्ये ते चहाबरोबर सुरू व्हायचं आणि जेवणापर्यंत पुरायचं. सून अस्मिता मधे पडायची नाही. दोघांच्याही पानात भात वाढायची आणि आत निघून जायची.

कारण झालं होतं कुकरचं. वाईला एकटे राहत असताना राजाभाऊंनी डाळ लावली आणि दुर्बीण घेऊन गच्चीवर जाऊन बसले. शिट्ट्या शेजाऱ्यांनी मोजल्या, यांना एकही ऐकू आली नाही. डाळीचा कोळसा झाला, भिंत काळी झाली, शेजाऱ्यांनी दुबईला फोन लावला आणि सुजीत जाऊन त्यांना उचलूनच घेऊन आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, उंच आवाज गेलेत. जाड, खालचे शाबूत आहेत. कानाचं यंत्र आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडलं. "त्यातून सगळे पक्षी पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात," राजाभाऊ म्हणायचे. ही नुसती घमेंड होती, दुसरं काही नाही. दर रविवारी धोम धरणावर माणसं त्यांच्या मागून फिरायची ती ते न बघता, आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगायचे म्हणून. तिथे कानात यंत्र अडकवून जाणं त्यांच्या जिवावर यायचं.

डिसेंबरात रास अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी कॅम्प ठरला. सुजीतच्या ऑफिसातला निनाद आपला तंबू, शेगडी आणि जीभ घेऊन आला. दुसऱ्याची फजिती झाल्याशिवाय ज्यांना जेवण पचत नाही अशांपैकी हा एक. संध्याकाळ व्हायला आली, वाळूवर चटया अंथरल्या आणि राजाभाऊंनी वाईचा विषय काढला.

"बाबा, इथे वीकेंडला तरी नको ना," सुजीत म्हणाला.

"काका एवढे कॉन्फिडंट आहेत तर टेस्ट घेऊन टाक," निनाद म्हणाला. "सिंपल आहे. चार आवाज. चारही ओळखले तर काका वाईला. एक जरी चुकला तर खलास, पुन्हा विषय नाही."

सुजीतने बापाकडे पाहिलं. "चालेल बाबा? मी शब्द देतो. चारही बरोबर आले तर उद्या घरी पोचल्यावर तिकीट काढतो."

शहाण्या माणसाने नको म्हटलं असतं. राजाभाऊ म्हणाले, "घे."

त्यांच्या शेजारी ईश्वरी बसली होती. ही सुजीतची मुलगी, बारा वर्षांची. आजोबा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं उत्तम चालायचं. बाल्कनीत उभं करून आजोबांनी तिला पक्षी दाखवले होते, चोच कशी, तुरा कसा, ते तिच्या तळहातावर बोटाने काढून शिकवलं होतं. आवाज ऐकून पक्ष्याचं नाव दाखवणारं ॲप तिने तेव्हाच फोनवर घेतलं होतं.

पहिली टिटवी ओरडली. ती बहिऱ्यालाही उठवेल. राजाभाऊंनी नाव सांगितलं. मग घाफच्या झाडावर काहीतरी बोललं असावं, कारण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. राजाभाऊंना वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. तेवढ्यात चटईवर टेकलेल्या त्यांच्या हातात एक बोट आलं आणि तळव्यावर बारीक, वाकडी चोच काढून गेलं.

"शिंजीर," राजाभाऊ म्हणाले.

निनादने आपल्या फोनवर ताडून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तिसऱ्या वेळी बोटाने तुरा काढला. "चंडोल," राजाभाऊंनी सांगून टाकलं आणि वर चंडोल उडता उडता कसा गातो याचं दोन मिनिटं व्याख्यानही दिलं. नातीची बोटं वापरून वाईला चाललो आहोत याची त्यांना किंचितही लाज वाटली नाही. "डू यू रिअली हॅव टू गो?" असं हिनेच परवा विचारलं होतं, हे तर त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सुजीतच्या मात्र बोटं ध्यानात आली होती. "ईशू, आईबरोबर जाऊन गाडीतून कोळसा आण. यल्ला, चल पटकन," तो म्हणाला. दोघी गेल्या. मग निनादने स्पीकर मधोमध ठेवला. "पक्षी झोपले काका, चौथा रेकॉर्डिंगवर." त्याने फोनवर अंगठा टेकवला, डोळे मिटले आणि ऐकत असल्यासारखी मान तिरकी केली. सुजीतनेही स्पीकरकडे कान केला.

राजाभाऊंना शांतता ऐकू आली. आता हातात बोट नव्हतं. त्यांनी दोघांचे चेहरे निरखले. निनादची मान हळूहळू डोलत होती, म्हणजे आवाज एकसारखा, लांबलचक असणार. वेळ संध्याकाळची, जागा उघड्या माळाची. चाळीस वर्षांचा अनुभव त्यांनी पणाला लावला.

"रातवा," ते ठामपणे म्हणाले. मग गप्प बसवेना म्हणून पुढे म्हणाले, "कसा घुमतोय बघा. एका दमात. मधेच पट्टी बदलली, लक्षात आलं का तुमच्या?"

निनादने फोन उलटा करून दाखवला. स्क्रीन काळी होती. त्याने काही लावलंच नव्हतं. तो आधी फिसकन आणि मग पोट धरून हसला. "काका, पट्टी बदलली?"

सुजीत हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो जवळ येऊन बसला आणि पाहुण्यांना समजावतात तशा आवाजात म्हणाला, "बाबा, मला हेच तुम्हाला दाखवायचं होतं. उद्या कुकरची शिट्टी होईल, बेल वाजेल, तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी ठोकून द्याल. आता वाईचं नाव नाही. ओके?"

"तमाशा केलास बापाचा," राजाभाऊ म्हणाले. "मला एक दिवस राहायचं नाही तुमच्यात. इथे माझं कोणी नाही. एक माणूस नाही."

कोळशाची पिशवी घेऊन ईश्वरी त्यांच्या मागे येऊन उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पलीकडे जाऊन बसली. राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या अपमानातून त्यांना सवड नव्हती.

पहाटे उजाडायच्या आधी ते तंबूबाहेर आले. रात्रभर डोळा लागला नव्हता. डोंगराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांना आवाज आला. खोल, जाड, थांबून थांबून येणारा. घुबड होतं, मोठ्या जातीचं, कपारीत बसणारं. अंदाज नव्हता, कोणाचा चेहरा वाचायचा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मागे वळले तर ईश्वरी स्वेटर घालून उभी. हातात फोन, आणि मान डोंगराकडे वळलेली.

"सुजीत," राजाभाऊंनी हाक मारली. "ऊठ. बाहेर ये. घुबड बोलतंय. हे मी ऐकलंय, ईश्वरीने पण ऐकलंय. चौथा आवाज हा धर."

सुजीत डोळे चोळत बाहेर आला. सगळे थांबले. घुबडही थांबलं. बराच वेळ डोंगरावरून काही आलं नाही.

"बाबा, प्लीज," सुजीत म्हणाला.

"माझ्यावर विश्वास नको ठेवू. तिला विचार. तिच्या फोनला विचार."

"ईशू, काही ऐकलंस तू? ॲपवर काही आलं?"

ईश्वरीने फोनवर बोट फिरवलं. आजोबांकडे एकदा पाहिलं, मग बापाकडे.

"नो, डॅडी. नथिंग."

सुजीतने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. आता त्याला राग नव्हता, काळजी होती, आणि ती जास्त वाईट होती. "न वाजणारं ऐकू यायला लागलंय तुम्हाला. परत गेलो की डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो. एकट्याने राहायचं तर आता विसराच." तो आत गेला.

राजाभाऊ नातीजवळ गेले. "तू ऐकलंस ना गं?"

"येस. ईगल आउल. द नेम केम अप. आय डिलीटेड इट."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलली, एकेक शब्द नीट लावून.

"मी तुमची कोण सांगणारी?"

ती तंबूत निघून गेली. डोंगरावर घुबड पुन्हा घुमलं, आणि बराच वेळ घुमत राहिलं. राजाभाऊंनी ते कोणाला सांगितलं नाही.