पुसायचं नाही

आमची केस हातची जायची वेळ आली ती सासूबाईंच्या फडक्यामुळे. खोटं नाही सांगत.

घरामागे वीज कंपनीचं धुराडं आहे. त्यातून राख उडते आणि घराघरात येऊन बसते, खिडकीत, भांड्यांवर, उशीच्या अभ्र्यावर. आता कंपनीला शेजारी दुसरं धुराडं उभारायचंय, म्हणून आम्ही गल्लीतले लोक कोर्टात गेलो. कंपनीचा वकील म्हणाला, सगळं नियमात आहे, राख घरांपर्यंत पोचतच नाही. न्यायाधीश म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. राख दिसली तर काम थांबणार, नाही दिसली तर नाही.

आणि न्यायाधीश येणार म्हटल्यावर आमच्या शहाण्या गल्लीनं काय करावं? झाडलोट! सासूबाईंनी तर उजाडताच पदर खोचला. खिडक्या धुतल्या, कुंडीतल्या झाडाचं पानन् पान पुसलं. मी मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. परत येऊन बघते तर घर लख्ख. न्यायाधीशांनी खिडकीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. वकील गालातल्या गालात हसला.

"एवढा मोठा माणूस दारात येणार आणि मी घाण दाखवू?" सासूबाई नंतर म्हणाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

जाताना न्यायाधीश एवढंच म्हणाले होते, निकालाआधी पुन्हा येईन, न कळवता. त्या दिवसापासून मी फर्मान काढलं, पुसायचं नाही. सगळी फडकी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

सासूबाईंना बसवेना. "माझे हात शिवशिवतात गं."

"शिवशिवू देत. त्याच हातांनी घोळ घातलाय, आई."

बोलायला मी शहाणी, पण मला तरी कुठे चैन होतं? गाडीचा आवाज आला की खिडकीत. सिलिंडरवाला. पुन्हा आवाज, पुन्हा खिडकीत. शेजाऱ्यांचे जावई. "बस की जरा," नवरा म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसले. टेबलावर राखेचा थर चढत होता आणि तो बघून मला बरं वाटत होतं. स्वतःचीच चीड येत होती.

कारण मुलीची छाती. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीत धूळ नको. मी रोज स्वतःची समजूत घालायची, येतीलच आता, उद्या येतील. आज सकाळपासून पोरीचा श्वास भात्यासारखा वाजत होता. म्हणाली, "आई, माझी उशी तरी झटक ना."

मग मात्र माझा धीर सुटला. कसली केस आणि कसलं काय! कपाट उघडलं. तिची खाट पुसली, खिडकी पुसली, जमीन पुसली, हात थांबेना म्हणून बाहेरची खोलीही पुसून काढली. सासूबाई फडकी पिळून देत राहिल्या. हळूहळू पोरीचा श्वास शांत झाला. तिला झोप लागली.

आणि दारात गाडी थांबली.

न्यायाधीशांनी येताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना सोबत घेतलं होतं. कंपनीचा वकील उंबऱ्यातूनच म्हणाला, "बघा साहेब. आज तर कुणाला कळवलंही नव्हतं." आमचा वकील माझ्याकडे बघतच राहिला.

"मी पुसलंय," मी म्हणाले. "आत्ता पुसलंय. पोरीला श्वास घेता येईना. आता तुम्हीच सांगा साहेब, केस जिंकू की पोर सांभाळू?"

न्यायाधीशांनी माझ्या हातातल्या फडक्यासाठी हात पुढे केला. मी फडकं दिलं. त्यांनी ते घडी मोडून पसरलं, नीट पाहिलं, खाली ठेवलं. दोन्ही तळवे काळे झाले होते. हात पुसायला काही मिळतंय का म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले.

आमच्याकडे पाहुण्यानं पायरी चढायच्या आत सासूबाई टॉवेल पुढे करतात. आत्ताही तो त्यांच्या खांद्यावर होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"राहू दे साहेब," म्हणाल्या. "पुसायचं नाही."