मधला त्रिकोण

अँब्रोजने चिंचेच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली आणि तिला सुतळी बांधली. तो ठाण्याचा मोजणीदार. आगगाडीचा रस्ता आखला तेव्हा मोजणीची साखळी धरून शिकलेला. बाळकुमचे हे पाच कोपऱ्यांचे शेत आज परशुराम आणि नाथा या भावांत वाटून द्यायचे होते.

"पाच बांध म्हणजे पाच बाजू," तो म्हणाला. "शेजारचे नसलेले दोन कोपरे जोडले की कर्ण. चिंचेपासून असे दोन निघतात, एक खाडीच्या कोपऱ्याला, एक वेशीच्या. त्यांच्यामध्ये हा चिंचोळा त्रिकोण. तो कुणाकडेही गेला तरी जमिनीत फारसा फरक नाही."

विहीर त्या त्रिकोणातच होती.

"थोरल्याला द्या," नाथा म्हणाला. "मान त्याचा हाय."

परशुरामाचा चेहरा खुलला. "मग बावीजवलच घर बांधतो. बायकोला पान्यासाठी लांब जाया नको."

त्याची बायको सखुबाई बांधावर बसली होती. गेल्या चैत्रात तिचा एकुलता मुलगा याच विहिरीत बुडाला. त्यानंतर तिने त्या विहिरीत दोर सोडला नव्हता. परशुरामाने मुलाचे नाव पुन्हा काढले नाही आणि तिलाही काढू दिले नाही.

अँब्रोज सुतळी वेशीच्या कोपऱ्याकडे ताणू लागला तशी ती उठून त्याच्यापाशी आली.

"दादा, दुसरी रेघ घाला."

"बाई, तुमची विहीर जाईल."

"जाऊ दे."

"गप बस," परशुराम म्हणाला. "तुला काय कलतं?"

तिने सुतळी मुठीत धरली. अँब्रोजने हलकेच ओढून पाहिली. मूठ सुटेना. नाथा पायाखालचे ढेकूळ फोडत राहिला.

तेव्हा नाथाची बायको शालू पुढे आली. आजवर तिने कशात वाटा मागितला नव्हता.

"बाव आमाना पायजे," ती म्हणाली. "नायतर ही वाटनी आमाना मंजूर नाय."

"अगं, काय बोलतेस?" नाथा म्हणाला.

"बोलले ते बोलले."

परशुराम भावाला म्हणाला, "बायको हावरी निघाली रे तुझी. घे बाव. पन आजपासून माझ्या दारात येऊ नको."

शालूने पदर पुढे ओढला आणि तशीच उभी राहिली. सखुबाईची मूठ सैल झाली. अँब्रोजने सुतळी उचलून दुसऱ्या कोपऱ्याकडे नेली.

दोन्ही घरांचे बोलणे तुटले. गावातल्या बायका शालूला हावरी म्हणू लागल्या. सखुबाईने कुणाला काही सांगितले नाही.

पुढे एका सकाळी ती गावाबाहेरच्या तळ्यावर गेली, तर शेतात विहीर असूनही शालू तिथे आधीच हंडा बुडवत होती. सखुबाई तिच्या शेजारी उतरली. आपला हंडा बाजूला ठेवून शालूने आधी सखुबाईचा भरला, तिच्या डोक्यावर उचलून दिला आणि मग आपला भरायला वाकली.